काचेला न दिसलेला डोंगर

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत वाडी रत्नागिरीवर उंच सासनकाठ्या नाचू लागल्या की पायऱ्या, भिंती, माणसं सगळं गुलालात न्हाऊन निघतं. कोल्हापूरपासून १७-१८ किलोमीटरवरचा, सुमारे ३१०० फूट उंचीचा हा जोतिबाचा डोंगर. छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीतला कॅमेरा या यात्रेत उभा केला असता, तर त्याला त्यातलं फार थोडं दिसलं असतं.

फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली ओल्या काचेची रीत जाहीर केली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. कोलोडियनमधलं ईथर उन्हात झपाट्याने उडतं. म्हणजे चैत्रातल्या डोंगरावर हाताशी वेळ अगदी तुटपुंजा. शिवाय काच, रसायनं, तंबू आणि पाणी वर चढवायला हमाल हवेतच. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६६ साली असाच लवाजमा घेऊन गंगेच्या उगमाशी, गोमुखापाशी पोचला. देवभूमीची त्याची ती चित्रं आजही थक्क करतात.

पण खरी मेख रंगांची होती. ही काच निळ्या प्रकाशालाच जागायची, तांबड्याला जवळपास आंधळी. त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं, दूरच्या सह्याद्रीच्या निळसर रांगा त्या पांढऱ्यात विरून गेलेल्या आणि तांबडी माती काळपट. गुलालाचा तांबडेपणा उमटलाच नसता. चित्राला काही सेकंद लागायचे, म्हणून नाचती सासनकाठी म्हणजे एक धूसर फराटा. स्थिर राहिलं असतं ते राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेलं देऊळ.

सरकारचं लक्षही बरंचसं दगडावरच होतं. १८५५ साली कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळकडे धाडलं, ते वास्तू, शिल्पं आणि शिलालेख टिपायला. त्यांनी कागदी निगेटिव्ह वापरल्या, पण रंगांची अडचण तीच. भक्त, वाट, यात्रा हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. म्हणून त्या काळातलं एखाद्या देवस्थानाचं निर्मनुष्य चित्र पाहून तिथे शुकशुकाट होता असं मानणं मला धोक्याचं वाटतं. पायऱ्यांवरचा पुसट डाग नीट बघावा. तिथून कुणीतरी चालत गेलेलं असू शकतं.

हर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये काचेत रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याकडे वळवलं. सगळ्या रंगांना जागणारी काच बाजारात यायला मात्र विसावं शतक उजाडलं. त्या काळात कोल्हापूरचा निसर्ग रंगांत पाहायचा, तर चित्रकाराकडेच जावं लागे. शाहू महाराजांच्या दरबारातले आबालाल रहिमान कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ जलरंगांत उतरवत होते. कॅमेऱ्याने कोरं सोडलेलं आकाश त्यांच्या कागदावर ढगांनी, सांजरंगांनी भरलेलं सापडतं.