कुठल्या रांगेत उभं राहायचं?

समलिंगी किंवा पारलिंगी खेळाडूंचा विषय निघाला की आमच्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: हे सगळं मुंबई-पुण्याचं, नाहीतर परदेशातलं; इथे काय त्याचं? वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातल्या, बोर धरणाच्या वाटेवरच्या हिंगणीसारख्या गावात बसून हे पटकन खरंही वाटतं. पण गेल्या वीस वर्षांत या प्रश्नापायी ज्यांचं मैदान हिसकावलं गेलं किंवा हिसकावलं जाता जाता वाचलं, त्यांची नावं आठवून बघा. शांती सौंदरराजन तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या खेड्यातली, वीटभट्टीवरच्या मजुरांची लेक. पिंकी प्रामाणिक बंगालच्या पुरुलियातली. द्युती चंद ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातली, विणकराच्या घरातली. तिघीही खेड्यातून, अनवाणी धावत वर आलेल्या. शहरातलं नाव या यादीत बऱ्याच उशिरा येतं. भारतापुरतं बोलायचं तर ही गोष्ट आधी गावाची आहे, आणि माझ्या मते ती गावातच सर्वांत कमी बोलली गेली आहे.

पुढे जाण्याआधी एक गुंता सोडवायला हवा. कुणावर प्रेम करावं, स्वतःला बाई मानावं की पुरुष, आणि शरीर जन्मतः कसं घडलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. शांतीने आपण स्त्री असल्याखेरीज कधी दुसरं काही म्हटलेलं नाही. द्युतीच्या बाबतीत पहिला आणि तिसरा असे दोन प्रश्न पाच वर्षांच्या अंतराने उभे राहिले. मैदानावरच्या लोकांना हा फरक समजून घ्यायला सवड नसते. ते तिन्ही प्रकारच्या माणसांकडे एकाच संशयाने बघतात, म्हणून त्यांची हकिकतही एकत्रच सांगावी लागते.

डिसेंबर २००६, दोहा. आशियाई स्पर्धेत शांतीने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली, ती त्यात अनुत्तीर्ण ठरल्याचं जाहीर झालं आणि पदक काढून घेतलं गेलं. चाचणी कसली, तिचा अर्थ काय, हे तिला नीट समजावून सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही. बातमी मात्र देशभर पोहोचली. पुढच्या वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. राज्य सरकारने दिलेल्या बक्षिसातून तिने गावाकडच्या मुलांना धावायला शिकवलं, पण पैसा संपला आणि २०१२ मध्ये ती पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करताना दिसली. त्यानंतर कुठे तिला प्रशिक्षणाची पदविका घेता आली, सरकारी प्रशिक्षक होता आलं.

त्याच दोहामध्ये ४ गुणिले ४०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात पिंकी होती. तिला रेल्वेत नोकरी मिळाली. जून २०१२ मध्ये ती पुरुष आहे आणि तिने बलात्कार केला आहे, अशा तक्रारीवरून तिला अटक झाली. तिला पुरुषांच्या कोठडीत ठेवलं. वैद्यकीय तपासणीची चित्रफीत बाहेर फुटली आणि लोकांनी ती मोबाइलवर एकमेकांना पाठवली. २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आरोप रद्द केले. आरोप रद्द होतात, चित्रफीत रद्द होत नाही.

२०१४ हे साल या मागोव्यातलं वळण. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला. याच वर्षी आमच्या बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि इकडच्या वर्तमानपत्रांत वाघांशिवाय दुसरं काही दिसेना, त्यामुळे जुलैमधली एक बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटली असेल. अठरा वर्षांच्या द्युती चंदला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळलं होतं. जेमतेम महिन्यापूर्वी तैपेईत आशियाई ज्युनिअर स्पर्धेत तिने २०० मीटर आणि रिले अशी दोन सुवर्णं जिंकली होती. वगळण्याचं कारण एवढंच की तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नियमात बसण्यापेक्षा जास्त आढळलं. हे संप्रेरक तिच्या शरीरात आपसूक तयार होत होतं. नियमाप्रमाणे तिच्यापुढे औषधं किंवा शस्त्रक्रियेचा मार्ग होता, म्हणजे जे शरीर घेऊन ती जिंकली ते आधी कापूनछाटून घ्या आणि मग धावा.

द्युतीने नकार दिला, आणि इथे शांतीच्या आणि तिच्या नशिबात फरक पडला. शांतीच्या वेळी गप्प राहिलेली यंत्रणा या खेपेला थोडी जागी होती. कोलकात्याच्या अभ्यासक पायोष्णी मित्रा तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, क्रीडा प्राधिकरणाने साथ दिली, टोरंटोचे वकील जिम बंटिंग विनामोबदला लढले. जुलै २०१५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने तो नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. टेस्टोस्टेरॉन जास्त असल्याने स्त्री खेळाडूला नेमका किती फायदा होतो, हे जागतिक ॲथलेटिक्स महासंघाला सिद्ध करता आलं नाही, असं लवादाचं म्हणणं. पुढल्याच वर्षी द्युती रिओ ऑलिंपिकला १०० मीटर धावली. पी. टी. उषानंतर, म्हणजे ३६ वर्षांनी, त्या शर्यतीत भारतीय बाई दिसली. २०१८ मध्ये जकार्तात तिने १०० आणि २०० मीटरची दोन रौप्यपदकं मिळवली. याच वर्षी महासंघाने नवा नियम आणला तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच अंतरांसाठी. द्युती सुटली, दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या अडकली. आता विचार करा, शांतीची शर्यत ८०० मीटरची. तीही या नव्या नियमातच सापडली असती.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीचे समलिंगी संबंध वगळले. मे २०१९ मध्ये द्युतीने आपल्या गावच्याच एका मुलीशी आपलं नातं असल्याचं जाहीर केलं. भारतातल्या आघाडीच्या खेळाडूने असं उघड सांगण्याची ती पहिली वेळ. घर विरोधात गेलं. जिच्या मागे धावत ती खेळात आली ती थोरली बहीणही विरोधात गेली. जुलैमध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०० मीटर ११.३२ सेकंदांत धावून सुवर्ण जिंकलं, आणि टीकेचा सूर एकदम खाली आला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनात ब्रिटिश डायव्हर टॉम डेलीसोबत इंद्रधनुषी झेंडा घेऊन चालणाऱ्यांत ती होती. पुढे २०२३ मध्ये उत्तेजकांच्या चाचणीत दोषी ठरून तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ही गोष्ट झाकून तिची थोरवी सांगणं मला पटत नाही. आणि तिची पहिली लढाई त्यामुळे खोटी ठरते असंही नाही. उत्तेजक घेणं हा गुन्हा, जसं आहे तसं असणं हा नव्हे.

आता घराकडे येऊ. आमच्याकडे खेळ म्हणजे शाळेतली कबड्डी आणि त्यानंतर थेट पोलीस भरती. पहाटे बोरच्या रस्त्याला भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात: एकाच्या हातात मोबाइलवर लावलेलं घड्याळ, डांबरावर चुन्याची रेघ, शेताच्या धुऱ्याला ठेवलेल्या चपला. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. ऑलिंपिकच्या वाटेला जाणारं एखादंच असेल, पण या ५० गुणांवर पुऱ्या घराचं नशीब टांगलेलं असतं. कुठला गोळा उचलायचा हे शारीरिक चाचणीच्या आधी, अर्जातल्या एका चौकोनानेच ठरतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न उभा राहिला तो याच चौकोनावरून. २०२२ च्या शिपाई भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या तृतीयपंथी उमेदवार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेल्या. मॅटने नोव्हेंबरमध्ये तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. तिथे डिसेंबरमध्ये न्यायालयाने चांगलंच सुनावल्यावर सरकारने अर्जात पर्याय ठेवण्याचं आणि फेब्रुवारी २०२३ अखेर शारीरिक चाचणीचे नियम करण्याचं मान्य केलं. नालसाचा निकाल लागून तेव्हा आठ वर्षं उलटली होती. नियम नव्हते कारण असं कुणी पळायला येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. छत्तीसगड मात्र आपल्यापुढे होतं. तिथे २०२१ मध्येच १३ तृतीयपंथी पोलीस शिपाई निवडले गेले होते. गोंदिया ओलांडलं की लागणारं हे राज्य. पुरोगामी म्हणवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

दुसरं चित्र क्रिकेटचं. २६ मार्च २०२३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, महिला प्रीमियर लीगची पहिली अंतिम लढत. मुंबई इंडियन्सला नाबाद ६० धावा काढून जिंकून दिलं ते नॅट सायव्हर-ब्रंटने. या आडनावातला ब्रंट तिच्या पत्नीचा. इंग्लंडचीच गोलंदाज कॅथरीन ब्रंटशी तिने २०२२ मध्ये लग्न केलं. २०२५ च्या मोसमात तिने ५२३ धावा केल्या आणि मुंबई पुन्हा जिंकली. मुंबईकर तिच्या नावाने ओरडत होते, पाठीवरचं आडनाव कुणाला खुपलं नाही. आपल्या प्रेक्षकांना हे पचतं, याचा याहून सोपा पुरावा नको. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं, आणि आपल्याकडच्या क्रिकेटपटूने तिच्यासारखं मोकळेपणी जगावं अशी सोय आज तरी दिसत नाही. बाहेरून आलेल्या पाहुणीला टाळ्या आणि घरच्या पोरीला शांतता, हा आपला जुनाच शिष्टाचार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अनाया बांगरने आपण पारलिंगी स्त्री असल्याचं इन्स्टाग्रामवर सांगितलं तेव्हा ही शांतता मोडली. वडील संजय बांगर मूळ बीडचे, कसोटीत भारताकडून सलामीला खेळलेले आणि नंतर संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक. अनाया मुंबईत वयोगटाचं क्रिकेट खेळली, मग इंग्लंडला गेली. तिचं बोलणं आलं तेव्हा दार आधीच बंद झालेलं होतं. कॅनडाची डॅनिएल मॅकगाही आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली पहिली पारलिंगी क्रिकेटपटू ठरल्यावर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला क्रिकेटमध्ये खेळता येणार नाही असं आयसीसीने ठरवलं. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने अगदी क्लब पातळीपर्यंत तेच केलं. जूनमध्ये अनायाने मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात आपल्या शरीराच्या झालेल्या चाचण्यांचा अहवाल पुढे ठेवून आयसीसी आणि बीसीसीआयला फेरविचाराची विनंती केली.

इथे माझं मत सांगतो. स्त्रियांच्या गटाला संरक्षण हवं, ही मागणी खोटी नाही. ८०० मीटर ऊर फुटेस्तोवर पळणाऱ्या मुलीला शर्यत समान असावी असं वाटणारच. पण ते ठरवायचं तर खेळागणिक, अंतरागणिक, पुराव्याने ठरवावं. गोळाफेकीचा न्याय बुद्धिबळाला लावणं किंवा ऑलिंपिकचा न्याय गावच्या क्लबला लावणं याला नियम म्हणत नाहीत, सुटका म्हणतात. अनायाच्या वाटेला अहवाल, वकील, कॅमेरे तरी आले. खेड्यातल्या पोराला किंवा पोरीला चौथ्या दिवशी मैदानावर टोमणा ऐकू येतो, पाचव्या दिवशी ते येणं बंद करतं, आणि कुठल्याच नोंदवहीत ते दिसत नाही.

वारा सध्या उलट्या दिशेने वाहतोय. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने महिला गटात उतरणाऱ्या खेळाडूंसाठी वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली आहे. आयुष्यात एकदाच, गालाच्या आतल्या बाजूचा बोळा किंवा रक्त घेऊन. ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये सरसकट लिंगचाचणी बंद केली होती, ती अशी दुसऱ्या दाराने परत आली. उद्या राष्ट्रीय शिबिराला जाणाऱ्या प्रत्येक गावच्या मुलीला या चाचणीला सामोरं जावं लागू शकतं.

म्हणून सेलू-वर्ध्याकडच्या क्रीडाशिक्षकांना आणि भरतीच्या अकादमी चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: कुठल्याही मुलीची अशी तपासणी होणार असेल तर ती कशाची, हे तिला तिच्या भाषेत आधी सांगा, लेखी संमती घ्या, घरच्या माणसाला किंवा तिच्या विश्वासातल्या बाईला सोबत ठेवा, आणि निकाल तिच्याखेरीज कुणाच्या मोबाइलवर जाऊ देऊ नका. दोहात यातलं काहीच झालं नाही. शांतीचं रौप्यपदक तिला आजही परत मिळालेलं नाही.