हत्ती गेला, शेपूट राहिले

चिकपेटेच्या अरुंद गल्ल्यांतून साड्यांचे गठ्ठे चुकवीत चालणाऱ्यास गोल्फ हा परक्या जगातील खेळ वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक येथून अवघ्या चार-पाच किलोमीटरांवर १८७६ साली स्थापन झालेला बंगलोर गोल्फ क्लब आहे; आणि या खेळाचा निम्मा भाग दुकानामागील खोलीतील सतरंजीवरही गिरवता येतो.

निम्मा म्हणण्यास हिशेबाचा आधार आहे. १८ होलच्या मैदानाचे प्रमाण ७२ फटक्यांचे मानले, तर त्यांपैकी ३६ फटके हिरवळीवरील, म्हणजे पटिंगचे धरलेले असतात. नवशिका मात्र सारा वेळ लांब टोल्यांवर खर्च करतो. दोनशे मीटर चेंडू नेतो आणि शेवटच्या चार फुटांत तीन फटके घालवतो!

बेंगळुरूच्या अदिती अशोक हिची वाटचाल पाहावी. पाच वर्षांची असताना कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानालगत कुटुंबासमवेत न्याहारी करताना तिला या खेळाचे कुतूहल वाटले. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिच्याहून लांब टोले मारणाऱ्या अनेकजणी असताना मुख्यतः पटिंगच्या बळावर ती अखेरपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली. शेवटच्या हिरवळीवरील लांबचा फटका होलमध्ये गेला नाही. ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले.

फटक्याची दिशा प्रामुख्याने पटरच्या मुखावर अवलंबून असते. मुख एका अंशाने वळले, तरी तीन मीटरांवर चेंडू सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेपाच सेंटिमीटरही नाहीत. म्हणून मनगटे स्थिर ठेवून खांद्यांनी, घड्याळाच्या लंबकासारखा झोका द्यावा. चेंडू गेला कुठे, हे पाहण्यासाठी मान चटकन वर करण्याचा मोह आवरावा. तो बहुतेकांना आवरत नाही.

दिशेइतकेच, किंबहुना लांबवरून अधिक, महत्त्व वेगाला आहे. वेगवान चेंडूस होल जणू अरुंद होते; कडेला लागून तो बाहेर फेकला जातो. अपुरा चेंडू तर पोहोचतच नाही. चुकलाच तर होलपलीकडे फूट-दीड फुटावर थांबेल, इतकाच वेग असावा. सकाळी दवामुळे चेंडू मंदावतो, हेही ध्यानी ठेवावे.

घरच्या सरावासाठी पाण्याचा पेला आडवा ठेवून तीन फुटांवरून त्याच्या तोंडात चेंडू घालावा. वाटेत, पटर जेमतेम जाईल इतक्या अंतरावर दोन काडेपेट्या ठेवाव्यात. पेल्याचे तोंड होलहून अरुंद असल्याने आठवड्याभरानंतर मैदानावरचे होल पुष्कळ मोठे भासू लागते.