डोळे मिटणारी पाल

भिंतीवरच्या पालीला डोळे मिचकावताना कधी पाहिलंय? नसेलच. तिला हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते ती चक्क जिभेनं पुसते. आपल्या इंदूरहून दक्षिणेला नर्मदा ओलांडली की सातपुडा लागतो. तिथे राहणारी एक पाल मात्र झोपताना डोळे मिटते. तिचं नाव युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. युब्लेफॅरिस म्हणजे ग्रीकमध्ये 'खरी पापणी'. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, म्हणून ती भिंतीवर चढत नाही. रात्री जमिनीवर फिरून किडे खाते आणि जाड शेपटीत चरबी साठवते.

हे नाव तिला २०१४ साली मिळालं. तोवर या डोंगरांतल्या पाली जवळच्या जातींच्या खात्यावर जमा होत्या, मुख्यतः १८२७ साली ग्रे यांनी नोंदवलेल्या हार्डविकीच्या. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी अंगावरचे पट्टे, खवल्यांची ठेवण, शेपटीच्या मुळाशी असलेली छिद्रं असं एकेक ताडून तिला वेगळं काढलं. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना भराभर नावं देतो. इथे त्याला पावणेदोनशेहून जास्त वर्षं लागली!

मग पापणी पाहिली की कुळ कळलं, असं आहे का? तिथेच गंमत आहे. मध्य अमेरिकेत 'नाइट लिझार्ड' नावाचे प्राणी आहेत. त्यांनाही पापण्या नाहीत, म्हणून पूर्वी काही अभ्यासकांनी त्यांना पालींच्या जवळ बसवलं. प्रत्यक्षात ते आपल्या सापसुरळीच्या जवळचे निघाले. नाव 'नाइट' असलं तरी त्यांतले बरेच दिवसाही हालचाल करतात, फक्त दगडाखाली किंवा सालीखाली लपून. म्हणजे नावही फसवं, डोळाही फसवा.

एकाच खुणेवरून निकाल द्यायची सवय आपल्यातही आहे. निमाडात ठिपकेवाली पाल दिसली की "बिसखोपरा!" अशी ओरड होते आणि कुणीतरी काठी आणतं. ती चावली की माणूस पाणी मागत नाही म्हणे. खरं तर भारतात एकही पाल विषारी नाही. मी आठवीत असताना मावशीकडे अंगणात अशीच एक मारली गेली. मीच टॉर्च धरला होता. ती सातपुड्याची होती की हार्डविकी, आता सांगता येणार नाही. पट्टे कुणी मोजलेच नव्हते. डोळे मात्र मिटलेले होते, एवढं आठवतं.