सामान लादलेली सायकल आणि हँडलचा छोटा तुकडा

रोज सामान लादून सायकल चालवता आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या येतात? मग एकदा हँडलकडे पाहा. हँडलचा आडवा दांडा पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळीला जोडणारा जो पुढे आलेला तुकडा असतो, त्याला स्टेम म्हणतात. तो गरजेपेक्षा लांब असला की हात ताणले जातात, कोपर सरळ होतात आणि धडाचा भार तळहातांवर येतो. तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस त्यामुळे दाबली जाते आणि नेमकी हीच दोन बोटे बधिर होतात. मान आणि कंबर दुखते ती वेगळीच.

‘लांब स्टेम बसवा, लादलेली सायकल डगमगणार नाही,’ असा सल्ला मात्र सर्रास मिळतो. जरा हिशेब करू. ६० सेंटिमीटर रुंद सरळ हँडलवर प्रत्येक हात मध्यापासून ३० सेंटिमीटरवर असतो. स्टेम ४ सेंटिमीटरऐवजी १२ केले, तरी चाक १० अंश वळवायला हात सुमारे ५.३ ऐवजी ५.६ सेंटिमीटर हलवावा लागतो. फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा! शरीराला मात्र पूर्ण ८ सेंटिमीटर पुढे वाकावे लागते. शिवाय हळू वेगात तोल सांभाळायला हँडल जास्त फिरवावे लागते, आणि तेव्हाच बाहेरच्या बाजूचा हात पुरेनासा होतो.

डगमगण्याचे खरे कारण बहुधा भार कुठे आहे यात असते. डेन्मार्कच्या ‘लाँग जॉन’ सायकलीत सामानाची जागा हँडल आणि पुढच्या चाकाच्या मध्ये, जमिनीलगत असते. ती सांगाड्यालाच जोडलेली असते, त्यामुळे हँडल वळले तरी माल वळत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या सायकलीवर डबे हँडललाच लटकतात, म्हणजे प्रत्येक वळणाला ते वजनही फिरवावे लागते. दोन्ही बाजूंना सारखे डबे लटकवले नाहीत, तर हँडल एकीकडे ओढते. इथे स्टेम बदलून काय होणार?

तेव्हा स्टेम निवडा ते शरीरासाठी: कोपर किंचित वाकलेले राहतील इतके आखूड. नेहमीचे वजन लादून मोकळ्या जागेत फेरी मारून पाहा, रिकाम्या सायकलीवर काही कळत नाही. जुन्या पद्धतीच्या सायकलीत स्टेमची दांडी नळीत उतरलेली असते आणि ती वर ओढून हँडल उंच करता येते. त्या दांडीवर एक मर्यादा-खूण कोरलेली असते. ती नळीबाहेर दिसू लागली, तर हँडल लगेच खाली घ्या. त्या अवस्थेत दांडी मोडू शकते.