जुने घर घ्या, सजवा, विका. पण आधी हिशेब मांडा!

जागेत घातलेला पैसा बुडत नाही, ही मराठी मध्यमवर्गाची जुनी श्रद्धा. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम असो वा गावाकडची जमीन विकून आलेले पैसे, त्यांची वाट बहुधा एखाद्या सदनिकेकडेच वळते. या श्रद्धेला आता एक नवी जोड मिळाली आहे. जुनी, कळकट सदनिका स्वस्तात घ्यायची, दोन-तीन महिन्यांत तिचे रूप पालटायचे आणि चढ्या भावाने विकून मोकळे व्हायचे. अमेरिकेत या व्यवसायाला ‘हाऊस फ्लिपिंग’ म्हणतात. मुंबई-पुण्यातही आता अनेक जण या वाटेने जाऊ पाहतात.

मात्र अमेरिकेतील गणित जसेच्या तसे इथे लागू पडत नाही. तिथे व्यवहार होतो तो बहुतांशी लाकडी सांगाड्याच्या स्वतंत्र घरांचा. मालकी हक्कातील दोषांसाठी विमा काढण्याची तिथे रीत आहे आणि बहुतेक राज्यांत हस्तांतरणाचा कर तुलनेने अल्प असतो. आपल्याकडे घर असते गृहनिर्माण संस्थेतील इमारतीत, हक्काचा पुरावा असतो करारांच्या साखळीत आणि खरेदीच्या पहिल्याच दिवशी सहा-सात टक्के रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. त्यामुळे रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी वही-पेन घेऊन बसणे, हा या व्यवसायाचा पहिला धडा ठरतो.

पंधरा लाखांचा ‘नफा’ जातो कुठे?

एक कल्पित पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण घेऊ. पुण्यात ६० लाख रुपयांना एक जुनी सदनिका घेतली, ६ लाख रुपये दुरुस्तीवर खर्च केले आणि नऊ महिन्यांनी ती ७५ लाखांना विकली. ऐकणाऱ्याला वाटते, दुरुस्ती वजा जाता नऊ लाख सुटले. आता वही उघडू.

पुण्यात स्थानिक संस्था कराचा व मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी ६० हजार. वकिलाची फी व कागदपत्रांची तपासणी २५ हजार. ४५ लाखांच्या गृहकर्जावर ९ टक्के दराने नऊ महिन्यांचे व्याज सुमारे ३ लाख ४ हजार. संस्थेचा देखभाल खर्च दरमहा ३ हजार, म्हणजे २७ हजार. विकताना पुन्हा एक टक्का दलाली ७५ हजार आणि संस्थेचे हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार. दुरुस्तीसह सारी बेरीज ७५ लाख ६६ हजारांवर जाते. म्हणजे नऊ लाखांचा नफा दूरच, पदरचे ६६ हजार गेले!

हीच सदनिका ८० लाखांना विकली गेली तर खर्च वजा जाता ४ लाख २९ हजार उरतात. परंतु दोन वर्षांच्या आत विकल्यामुळे हा अल्पकालीन भांडवली नफा ठरतो आणि त्यावर विक्रेत्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर बसतो. शिवाय करासाठी नफा मोजताना गृहकर्जाचे व्याज आणि देखभाल खर्च वजा मिळेलच, अशी खात्री नसते. ते वगळल्यास करपात्र नफा ७ लाख ६० हजार होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला उपकरासह सुमारे २ लाख ३७ हजार रुपये कर भरावा लागतो. हाती उरतात १ लाख ९२ हजार. या व्यवहारात स्वतःचे जवळपास ३० लाख रुपये गुंतलेले असतात. तेवढीच रक्कम नऊ महिने सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली असती तर करापूर्वी सुमारे १ लाख ५७ हजार मिळाले असते, तेही गवंड्याशी हुज्जत न घालता.

उलट्या टोकाने सुरुवात

नवखा गुंतवणूकदार खरेदीच्या किमतीपासून हिशेब सुरू करतो आणि ‘विकताना बघू’ म्हणतो. मुरलेला व्यावसायिक उलट्या टोकाने येतो. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत, तेवढ्याच चटई क्षेत्राची नीटनेटकी सदनिका प्रत्यक्षात कितीला विकली गेली, हे तो आधी शोधतो. जाहिरातीतील किंमत ही मालकाची अपेक्षा असते. नोंदणी झालेला आकडा मात्र सूची क्रमांक दोनच्या उताऱ्यात मिळतो आणि तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतो.

वरच्याच उदाहरणात विक्रीचा खात्रीचा भाव ७५ लाख असेल आणि करापूर्वी ५ लाख रुपये सुटावेत अशी अपेक्षा असेल, तर सारे खर्च वजा करत मागे आल्यावर खरेदीची कमाल किंमत निघते ५५ लाख. त्यावर एक रुपयाही देणे म्हणजे स्वतःच्या नफ्यातून मूळ मालकाला देणे होय. अमेरिकेतील व्यावसायिकांचा याबाबतचा ठोकताळा आणखी कडक आहे. दुरुस्तीनंतरच्या अपेक्षित किमतीच्या ७० टक्के रकमेतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेपेक्षा अधिक मोजू नये, असे तिथे मानतात. त्या हिशेबाने इथे ४६ लाख ५० हजारांपुढे जाता येणार नाही. आपल्या शहरांत एवढी सूट क्वचितच मिळते. म्हणूनच या व्यवसायात दहा घरे पाहून नऊ सोडून देणाराच टिकतो. खरा नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो. विक्रीच्या दिवशी तो केवळ हाती येतो.

तारण कर्जाबाबतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढेच कर्ज मिळते. ही किंमत धरताना सर्वसाधारणपणे मुद्रांक व नोंदणी शुल्क त्यात मिळवले जात नाही. तो सारा पैसा खिशातूनच काढावा लागतो.

सजावटीआधी कागद

जुन्या घराची खरी गळती अनेकदा छतात नसून कागदपत्रांत असते. पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सर्व मूळ करार, त्यांवरील पुरेसे मुद्रांक शुल्क, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला आणि पूर्वीचे कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र, एवढे तरी पाहायलाच हवे. साखळीतील एक करार गहाळ असेल तर पुढच्या ग्राहकाला बँक कर्ज नाकारू शकते आणि चकाचक घर तसेच पडून राहते.

वारसाहक्काचा प्रश्न याहून नाजूक. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे शेअर सर्टिफिकेट केले, एवढ्यावर अनेक जण निर्धास्त होतात. परंतु केवळ नामनिर्देशनाने ती व्यक्ती एकटी मालक ठरत नाही; इतर वारसांचा हक्क शाबूत राहतो. परदेशी असलेल्या एखाद्या भावाने वा विवाहित बहिणीने दावा दाखल केला की नऊ महिन्यांचा व्यवहार नऊ वर्षांचा होण्यास वेळ लागत नाही. सर्व वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा करारावर त्यांच्या सह्या, हाच यावरचा उपाय.

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी काही जण स्वतःच्या नावे करार न करता विसार पावती आणि कुलमुखत्यारपत्राच्या आधारे घर परस्पर तिसऱ्याला विकण्याचा मार्ग सुचवतात. हा मार्ग धोक्याचा आहे. अशा कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्यातील रास्त सवलती मात्र जरूर घ्याव्यात. खरेदीदार महिला असल्यास निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. विकासकाकडून गुंतवणूकदार म्हणून करार करून घेतलेली सदनिका ठरावीक मुदतीत विकल्यास आधी भरलेले शुल्क पुढच्या व्यवहारात समायोजित होते. ही मुदत २०२२ मध्ये एका वर्षावरून तीन वर्षे करण्यात आली. जुन्या घराच्या फेरविक्रीला मात्र ही सवलत नाही.

दिसणारे काम, न दिसणारे काम

दुरुस्तीत हौस महाग पडते. आयात केलेला संगमरवर किंवा नक्षीदार छत हे ज्याच्या त्याच्या आवडीचे. ग्राहक त्याचे कौतुक करील, पैसे मोजीलच असे नाही. उजेड, स्वच्छ न्हाणीघर, स्वयंपाकघरातील धड ओटा, पुरेशा पाण्याचा दाब आणि नवी वायरिंग यांना मात्र सर्वच ग्राहक किंमत देतात. भिंतीआडचे गंजलेले नळ तसेच ठेवून वर नव्या टाइल्स लावल्या, तर सहा महिन्यांत त्या फोडाव्या लागतात. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी गळती व नळकाम, मग वायरिंग, नंतर प्लास्टर व फरशी आणि शेवटी रंग.

घर पाहायचे ते पावसाळ्यात, हा जुन्या माणसांचा सल्ला आजही खरा आहे. उन्हाळ्यात ताज्या रंगाखाली झाकलेली ओल श्रावणात भिंतीवर उमटते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून होणारी गळती तर आपल्या घरात कितीही खर्च करून थांबत नाही. त्यासाठी वरच्या सदनिकेत काम करावे लागते आणि तिथल्या रहिवाशाची संमती हवी असते. खांब, तुळया वा भार पेलणाऱ्या भिंतींना धक्का लावणे हा तर संपूर्ण इमारतीच्या सुरक्षेचा प्रश्न. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. कामापूर्वी संस्थेची परवानगी, कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि राडारोडा उचलण्याची सोय ठरवून घ्यावी. जुन्या घरात भिंत फोडल्यावर काय निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे अंदाजपत्रकाच्या १५ ते २० टक्के रक्कम राखून ठेवणे शहाणपणाचे.

पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेल्या इमारतीत तर सजावट हा निव्वळ अपव्यय आहे. २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पण संमतीपासून नव्या घराच्या चावीपर्यंत वर्षे जातात. मोठ्या घराच्या आशेने थांबणे आणि झटपट विक्री करणे हे दोन भिन्न व्यवसाय आहेत. त्यांची गल्लत केली की दोन्हीकडून नुकसान होते.

काळ आणि कर

आपल्या उदाहरणात विक्री लांबली तर व्याज व देखभाल मिळून दरमहा सुमारे ३६ हजार ७५० रुपये झिरपत जातात. सहा महिन्यांचा उशीर म्हणजे २ लाख २० हजार. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या मुहूर्तांवर व्यवहार वाढतात, पितृपंधरवड्यात अनेक ग्राहक बोलणी थांबवतात. त्यामुळे काम केव्हा संपेल याला महत्त्व असते. सहा महिने भाव धरून बसण्यापेक्षा दोन लाख कमी घेऊन महिन्याभरात सुटणे अनेकदा फायद्याचे ठरते. ग्राहकाच्या बँकेचाही विचार हवा. इमारतीचे उरलेले आयुष्य कमी असेल तर बँक कर्जाची मुदत किंवा रक्कम घटवते आणि ग्राहकच कमी होतात.

करांच्या बाबतीत काही नियम पाठ हवेत. ५० लाख वा अधिक किमतीच्या व्यवहारात निवासी भारतीय विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरावा लागतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे. रेडीरेकनरच्या दरापेक्षा करारातील किंमत कमी असली तरी मुद्रांक शुल्क रेडीरेकनरनेच भरावे लागते. तफावत दहा टक्क्यांहून अधिक असेल तर प्राप्तिकराचाही प्रश्न उभा राहतो. दोन वर्षांनंतर विकल्यास दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. मात्र वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याचा नफा व्यवसायाचे उत्पन्न मानला जाऊ शकतो आणि मग ही सवलत मिळत नाही.

अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव घसरू लागले तेव्हा कर्ज काढून एकाच वेळी अनेक घरे घेतलेले लोक अडकले. त्यांची घरे वाईट नव्हती. त्यांचा हिशेब चढत्या भावावर बेतलेला होता. इथेही भाव वर्षानुवर्षे जागच्या जागी राहू शकतात. म्हणूनच भाव एक रुपयाही वाढला नाही, विक्री सहा महिने लांबली आणि दुरुस्तीचा खर्च पाचवा हिस्सा वाढला, तरी जो व्यवहार तोट्यात जात नाही, तोच करण्याजोगा. निवृत्तीची पुंजी पणाला लागलेली असताना वहीतला हिशेब हाच खरा मुहूर्त मानावा. तो जुळत नसेल तर घर कितीही मनात भरले तरी नमस्कार करून जिना उतरावा.