दंडावरची लस आणि मूत्राशयातील राखणदार

आपल्यापैकी अनेकांच्या डाव्या दंडावर बीसीजी लशीचा वण आहे. क्षयरोगासाठी निर्माण झालेली हीच लस मूत्राशयाच्या कर्करोगावरही उपयोगी पडते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

तंबाखूच्या धुरातील घातक द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात आणि तेथून मूत्राशयात येऊन साठतात. म्हणूनच धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण. अस्तरातील बिघडलेल्या पेशी हेरून नष्ट करणे हे शरीरातील टी-पेशींचे काम. परंतु दाह दीर्घकाळ टिकला की चित्र पालटते. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या शेतकऱ्यांच्या मूत्राशयात शिस्टोसोमा कृमींची अंडी रुतून बसत आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून पुढे कर्करोग उद्भवे. जखम भरून काढण्यास धावून आलेल्या महाभक्षक पेशी गाठीभोवतीच मुक्काम ठोकतात, तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि टी-पेशींना आवरून धरतात. राखणदारानेच चोराला दिवा दाखवावा, तसा हा प्रकार!

या सुस्तावलेल्या राखणदारांना जागे कसे करावे? कॅनडातील किंग्स्टन येथील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. गाठ काढल्यानंतर बारीक नळीवाटे जिवंत पण दुर्बळ केलेले बीसीजी जंतू मूत्राशयात सोडायचे, दर आठवड्यास एकदा, असे सहा वेळा. सहाच का? तर लशीच्या खोक्यात सहा कुप्या येत, एवढेच कारण सांगतात. आणि तोच क्रम आजही पाळला जातो. जंतू अस्तरास चिकटताच धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात. प्रथम न्यूट्रोफिल, मागोमाग टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी तेथे गोळा होतात आणि जंतूंबरोबर उरलेल्या कर्कपेशींवरही तुटून पडतात. लघवीची जळजळ, बारीक ताप हा त्या झुंजीचाच परिणाम.

हे सारे साधते ते रोग अस्तरापुरता असेपर्यंतच. त्याची पहिली खूण बहुधा लघवीतून वेदनेविना जाणारे रक्त. ते एकदा दिसते, आपोआप थांबते. घरातील वडीलधारी माणसे "उष्णता झाली" म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पितात आणि संकोचाने कोणास सांगत नाहीत. तेवढ्या महिन्यांत गाठ स्नायूत उतरली, तर बीसीजी पुरत नाही. बहुतेकदा मूत्राशयच काढावे लागते.