स्टार्टरच्या पेटीला गॅस्केटच बसवा



उन्हाळ्यात ऊसाची पाणीपाळी आठ-दहा दिवसांवर येते. त्यातच मोटरचा स्टार्टर बंद पडला तर उभे पीक करपते. म्हणून आज एका लहानशा वस्तूबद्दल लिहीत आहोत : पेटीच्या झाकणाचे रबरी गॅस्केट.

पेटीवर 'आयपी ५५' असा आकडा असतो. त्यातला पहिला ५ म्हणजे धुळीपासून बचाव आणि दुसरा ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. पण ही हमी गॅस्केट शाबूत असेपर्यंतच. ते कुजले की आपण हाताला येईल ते लावतो. कोणी सायकलच्या ट्यूबची पट्टी, कोणी लांबी, तर कोणी सिलिकॉनचा चिकटा.

ट्यूबची पट्टी पातळ असते, कोपऱ्यात फट राहतेच. दोन भाग मळून लावायची लांबी दगडासारखी घट्ट होते. मग झाकण उघडायचे म्हणजे छिन्नी आली, आणि एकदा फुटली की तिचा उपयोग संपला. गॅस्केटचे काम दबणे आणि परत फुगणे हे आहे. लांबीला ते जमत नाही.

सिलिकॉनचा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. आंबूस वासाचे स्वस्त सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. झाकण लगेच बंद केले तर ती वाफ आतच कोंडते. तांब्याच्या तारांवर व कार्डाच्या टाक्यांवर हिरवट गंज चढतो. सिंगल फेज प्रिव्हेंटरचे कार्ड असे निकामी झाले आणि एक फेज गेली, तर मोटर दोन फेजवर घुमत राहते व जळते. वाचवले चार पैसे, आणि वायंडिंगचा खर्च गळ्यात !

तर करावे काय?

१) आधी मेन स्विच बंद करून वीज नाही याची टेस्टरने खात्री करावी.
२) जुना चिकटा पूर्ण खरवडून काढावा.
३) मूळ जाडीची निओप्रिन किंवा ईपीडीएम रबराची पट्टी बसवावी. पट्टीचा सांधा खालच्या बाजूस घ्यावा.
४) स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत.
५) झाकणात कागदाची चिठ्ठी धरून चारी बाजूंनी ओढून पाहावी. सहज निघाली तर तिथे फट आहे.
६) केबल खालूनच, ग्लँडमधून घ्यावी. पेटीच्या तळाचे निचऱ्याचे भोक बुजवू नये, आतला दमटपणा तिथूनच बाहेर पडतो.

सिलिकॉन लावणे भागच असेल तर 'न्यूट्रल क्युअर' असे छापलेलेच मागावे आणि ते पुरते वाळेपर्यंत, निदान एक दिवस, झाकण उघडे ठेवावे. तोवर पेटीत वीज सोडू नये.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपली पेटी एकदा उघडून पाहावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी